रापणीचा वाटा आणि बदलीचा अर्ज

नातीला परत आणायला म्हणून मी वेंगुर्ल्याला गेले. नात पूनम तिथल्या दवाखान्यात नर्स आहे. नोकरीला वर्ष होत आलं. तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा भाऊसाहेब, रोज संध्याकाळी तिच्याशी बोलून फोन ठेवला की तेच म्हणायचा, "तिथं पोरीचं हाय कोण?" शेवटी त्यानं पुण्याकडं बदली मागणारा अर्ज स्वतःच लिहिला आणि माझ्या हातात दिला.

"आई, नुसती सही घेऊन ये. माझं ती ऐकत न्हाई, तुझं ऐकंल."

"मग तूच जा की."

"ऊसतोडीची टोळी रानात आलीया. कसा जाऊ?"

ऊस काही पोरीपेक्षा मोठा नव्हे. पण माझा समुद्र बघायचा राहिला होता, म्हणून वाद घातला नाही. (हे सगळं सांगतेय मी, लिहितेय माझी सून, पूनमची आई. मधे कुठं शहाणपणाचं वाक्य सापडलं तर ते तिचं समजा.)

तुम्ही जाणार असाल तर रस्ता सांगते. आमच्या मांडवगण फराट्याहून जीपनं चौफुला, तिथून एस्टीनं पुणे. मी रात्र भाचीकडं काढली आणि सकाळी स्वारगेटला वेंगुर्ल्याची गाडी धरली. गाडीवरची पाटी मला वाचता येत नाही, मी ड्रायव्हरला विचारते. ज्यांना वाचता येतं तेही विचारतातच, वर पाटीकडं बघत उगाच मान मोडून घेतात. पंच्याहत्तर पूर्ण झालेल्यांना एस्टी फुकट आहे, बायकांना अर्धं तिकीट. फक्त आधारकार्ड पिशवीच्या तळाला ठेवू नका. माझ्या पिशवीतून कंडक्टरपुढं आधी येसूर निघाला, म्हणजे धान्य-डाळी भाजून केलेला आमचा रश्श्याचा मसाला. मग बाजरीच्या भाकरी, मग तो अर्ज, आणि सगळ्यात शेवटी कार्ड.

"आजी, वय तर तोंडावरच दिसतंय," तो म्हणाला.

"मग मघाशीच बघायचं व्हतं तोंड."

आंबोलीचा घाट उतरताना लिंबू हुंगत राहा, खाली बघू नका. दिवेलागणीला मी पोचले. पूनम सुमनकाकींच्या घरात एका खोलीत भाड्यानं राहते. काकींनी घावणे वाढले, तांदळाचं जाळीदार, मऊ धिरडं, आणि काळ्या वाटाण्याची उसळ. घावणे करणाऱ्या माणसानं दात नसलेल्यांचा विचार आधी केला असणार. मी पाच खाल्ले.

जेवण झाल्यावर अर्ज पूनमच्या हातात दिला. तिनं वाचला, घडी घातली आणि परत माझ्या पिशवीत ठेवला.

"आजी, तू म्हणशील तसं. सही कर म्हणालीस तर करते. पण आधी चार दिवस ऱ्हाऊन बघ."

म्हणजे बापानं माझ्या गळ्यात घातलेलं पोरीनं तसंच परत माझ्याच गळ्यात घातलं. घराणं एकच.

दुसऱ्या दिवशी पूनम कामावर गेली आणि सुमनकाकी मला किनाऱ्यावर घेऊन गेल्या. तिथं रापण लागली होती. रापण म्हणजे हे एवढं लांबलचक जाळं. होडीतून समुद्रात वळसा घालून टाकतात आणि दोन्ही टोकांना माणसं लागून वाळूवरून ओढून काढतात. म्हातारे, बाया, शाळेत निघालेली पोरं, फिरायला आलेले पाहुणे, कुणीही दोर धरावा. मी विहिरीवरच्या मोटेचा नाडा, म्हणजे दोर, हाताळलेली बाई. पदर खोचला आणि लागले ओढायला. पायाखालची वाळू सरकत होती, शेजारची बाई म्हणत होती, "आजी, सावकाश, समुद्र खंय पळाक नाय!"

जाळं आलं ते चांदीसारखं उड्या मारत. सगळे बांगडे. मग तांडेलानं, म्हणजे तिथल्या मुकादमानं, वाळूवर ढिगल्या घातल्या आणि एक माझ्यापुढं सरकवली.

"आजी, ह्यो तुमचो वाटो."

"न्हाई ओ," मी म्हटलं. "मी काय मजुरीला आले व्हय?"

आमच्याकडं शेजाऱ्याच्या रानात इर्जिकीला, म्हणजे मदतीला गेलं की माणूस पोटभर जेवून येतो, पण पाटी भरून आणत नाही. आणली तर गावभर नाव निघतं. मला वाटलं मी फार मोठेपणा केला. पण सगळी माणसं गप झाली. तांडेल माझ्याकडं असा बघायला लागला, जसं मी त्याच्या ताटाला पाय लावला.

सुमनकाकी कानाशी आल्या. "आजी, वाटो नाय घेतल्यात तर तुमी आमचे नाय, असो त्याचो अर्थ होता."

मी घाईघाईनं पदर पसरला. "द्या बाबा, द्या! आन् ते बारकं कशाला, मोठं बघून घाला." तेव्हा कुठं माणसं हसली.

एवढ्यात तांडेलानं शेजारी आणखी एक ढिगली घातली. "आणि ह्यो सिस्टरचो."

"कोण सिस्टर? पूनम? ती तर दवाखान्यात हाय, तिनं कुठं वढलं?"

"म्हणान काय झाला? आयतवारी ती दोर धरता. आज ड्युटीर आसा, म्हणान तिचो वाटो खंय जातलो?"

मी तिची ढिगली मोजून बघितली. माझ्या ढिगलीएवढीच होती, एकही मासा कमी नाही.

त्या दिवशी काकींच्या चुलीवर मी येसूर घालून बांगड्याचा रस्सा केला. काकी नारळ घेऊन उभ्याच होत्या. "नारळ नाय घालूचो?" "न्हाई." "जराही?" "न्हाई." त्यांनी वाटी तोंडाला लावली, डोळ्यांत पाणी आलं आणि आणखी मागितला. उरलेले मासे मीठ लावून अंगणात वाळत घातले. राखण माझ्याकडं आणि एका बोक्याकडं होती. आमचं काही जमलं नाही.

पुढच्या दिवशी दुपारी देवळात दशावताराची तालीम बघितली. काकींचे यजमान दाजीकाका सकाळी नारळ सोलतात आणि नाटकात राणी होतात. नऊवारी माझ्यापेक्षा चापून नेसतात. मी विचारलं, "बोलायचं कुठं लिवलेलं असतं?"

"लिवलेला काय नसता, आजी. कथा ठावूक आसता, बोलणी थंयच सुचतत."

"मग मलाबी घ्या की तुमच्यात. माझं शहात्तर वर्षं तसंच चाललंय."

ते म्हणाले, रागावलेली सासू कशी चालते ते दाखवा. मी देवळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवलं. ड्युटी संपवून आलेली पूनम म्हणाली, "हे बघायला आई पायजे व्हती." (सून इथं लिहायची थांबून हसतेय. हसू दे.)

पाचव्या दिवशी निघाले. मासे प्लास्टिकमध्ये घामेजतात, म्हणून मी पिशवीत कागद शोधला. कागद एकच होता. त्यात चांगले पाच-सहा बांगडे बसले.

"आजी, तो कागद…" पूनम म्हणाली.

"कागदच हाय न्हवं?"

तिनं दोरा आणून दिला आणि गाठही स्वतःच घट्ट मारली.

घरी भाऊसाहेब दारातच उभा होता. "झाली सही?" मी पुडकं त्याच्या हातात दिलं. त्यानं सोडलं, उलटसुलट बघितलं.

"आई, ह्यो अर्ज हाय!"

"मला काय कळतंय बाबा त्यातलं. मासं बघ की. निम्मं माझ्या वाट्याचं, निम्मं तिच्या."

मग त्याला सगळं सांगितलं, दोर, ढिगल्या, तांडेल. त्यानं तो तेलकट कागद मांडीवर सरळ केला. म्हणाला, "ती तिथं नव्हती, तरी वाटा ठिवला?"

"तरी ठिवला."

सुनेनं बांगडे तव्यावर टाकले. वास चार घरं गेला. तो फोन अजून रोज संध्याकाळी करतो. पण आता सगळ्यात आधी विचारतो, "पूनम, आज रापणीला काय घावलं गं?"