उकळून ठेवलेली सिरिंज

माझ्या धाकट्या मुलीला इन्सुलिनची तीन इंजेक्शने मी दिली नाहीत, आणि दिली असे घरी सांगितले. पुढे डॉक्टरांनी विचारले तेव्हाही तेच सांगितले. ती गेल्यानंतर तिच्या मृत्यूचा दोष तिच्या आईने आपल्याकडे घेतला आणि मी तो तिच्याकडे पाच वर्षे राहू दिला. हे लिहिताना मला चोपन्नावे वर्ष चालू आहे. हे कोणालाही न सांगता मरण्याची माझी तयारी झाली होती, हेही कबूल केले पाहिजे.

आम्ही अंधेरीला दोन खोल्यांत राहत होतो. मुलगी आठ वर्षांची असताना एकाएकी वाळली. सारखे पाणी पिऊ लागली. मधुमेह हा पोक्त, सुखवस्तू माणसांचा रोग अशी माझी समजूत होती. उपनगरातल्या एका रुग्णालयात तिला तीन आठवडे ठेवले. तिथल्या मुलांच्या वॉर्डात गोराईची एक परिचारिका होती. तिने आम्हा दोघांना समोर बसवून सगळे शिकवले. सिरिंज किती वेळ उकळायची, औषध कोणत्या रेघेपर्यंत ओढायचे, मांडीवर सुई कुठे टोचायची. पहिल्या दिवशी माझा हात थरथरला तेव्हा ती म्हणाली, "साहेब, ऑफिसात सही करताना बी हात असाच कापतो?" मुलगी खुदकन हसली. मग मलाही हसू आले.

घरी जायच्या दिवशी तिने पुन्हा बजावले. "एक ध्यानात ठेवा. पोर आजारी पडली, खात नसली, तरी सुई चुकवायची नाय. पेज पाजा चमच्याचमच्यानं. ओकारी थांबली नाय, तर घरी बसू नका. हितं आणा." तिने ते माझ्याकडून दोनदा वदवून घेतले.

बायकोला सुई टोचणे जमेना, म्हणून ते काम माझ्याकडे आले. इन्सुलिनची बाटली आम्ही ओल्या वाळूने भरलेल्या मडक्यात ठेवत असू. सकाळी स्पिरिटच्या दिव्यावर काचेच्या नळीत निळे द्रावण घ्यायचे, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि उकळायचे. निळे राहिले तर उत्तम. हिरवे, पिवळे होत विटकरीपर्यंत गेले तर साखर फार. मुलगी शेजारी उकिडवी बसून पैज मारी. "आज हिरवा, बाबा. हरलात तर मला गोष्ट सांगायची." हरलो काय, जिंकलो काय, गोष्ट सांगावीच लागे.

एकदा सुई घेतल्यावर तिने पुरेसे खाल्ले नाही. तासाभरात तिला दरदरून घाम फुटला, डोळे फिरले, तिने मला ओळखले नाही. साखरेचे पाणी ओठांतून आत गेले आणि ती भानावर आली. पण तो प्रसंग माझ्या मनातून गेला नाही. तेव्हापासून सुई भरताना मला आजारापेक्षा औषधाची भीती अधिक वाटू लागली. ही भीती मी बोलून दाखवली असती, तर पुढचे कदाचित टळले असते.

पुढच्याच वर्षी शेजारच्या बिऱ्हाडी सत्यनारायण होता. यजमानीण शिऱ्याचा द्रोण घेऊन दारात आली. बायको घुटमळली. मग म्हणाली, "प्रसादाला नाही कसं म्हणायचं हो?" तिने बोटाच्या टोकावर मावेल एवढा शिरा मुलीच्या जिभेवर ठेवला. मुलगी डोळे मिटून म्हणाली, "देवाला मधुमेह नाही ना, म्हणून एवढं गोड." आम्ही सगळेच हसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे अंग तापले होते आणि ती ओकत होती. पेजेचा चमचाही पोटात ठरेना. मी नळी उकळलीच नाही. पोटात अन्नच नाही तर साखर येणार कुठून, असा माझा हिशेब. आणि उपाशी पोटी सुई दिली तर पुन्हा तो घाम, ते फिरलेले डोळे. बायकोला परिचारिकेचे शब्द पाठ होते. तिने मला थांबू दिले नसते. म्हणून मी रोजच्यासारखी सिरिंज भांड्यात घालून स्टोव्हवर ठेवली. पाणी उकळू लागले, काच भांड्यावर किणकिणली. मग ती फडक्यावर काढली, पुसली आणि डबीत ठेवून दिली.

"दिलंत?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारले.

"दिलं."

संध्याकाळी तेच केले. पुढच्या सकाळीही तेच. दुपारी मुलगी खोल, लांब श्वास घेऊ लागली आणि तिच्या तोंडाला फार पिकलेल्या पेरूसारखा वास येऊ लागला. आम्ही घोडागाडी करून रुग्णालय गाठले.

डॉक्टरांनी विचारले, "इंजेक्शन चुकलं होतं का?"

परिचारिका पलंगाच्या पलीकडे उभी होती. बायको माझ्याकडे विश्वासाने पाहत होती. मी म्हणालो, "नाही."

"काही गोड खाण्यात आलं?"

बायकोचा चेहरा उतरला. "परवा प्रसाद दिला होता. बोटभर," ती म्हणाली. डॉक्टर काही बोलले नाहीत. त्या न बोलण्याचा अर्थ तिने लावला, आणि मी तो लावू दिला. माझ्या खोट्यामुळे औषधाच्या मात्रेत काही फरक पडला का, हे विचारण्याचे धैर्य मला आजवर झालेले नाही.

परिचारिका मुलीजवळून हलली नाही. सलाईनवर लक्ष ठेवी, तासातासाला नळी उकळी, ओल्या कापसाने तिचे ओठ पुसी. एकदा मुलीने डोळे उघडले आणि विचारले, "बाबा, कुठला रंग?" नळीतला रंग विटकरी होता. मी म्हणालो, "निळा." तेवढ्या एका खोट्याचा मला पश्चात्ताप नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

भेटायला आलेल्यांत माझी थोरली बहीण होती. ती बायकोसमोरच म्हणाली, "लाड करावेत, पण इतके?" मी चटईची कड चाचपत बसलो. त्यानंतर बायकोने प्रसाद तोंडात घातला नाही. कोणी दिला तर कपाळाला लावून दुसऱ्याच्या हातावर ठेवी. शेजारी पूजा असली की आमचे दार लावलेले असे. मी हे सारे पाहत होतो.

गेल्या महिन्यात बोरिवलीला कामासाठी गेलो असता तीच परिचारिका भेटली. गोराईच्या होडीकडे निघाली होती. तिने आधी बायकोची चौकशी केली. मी म्हणालो, "बरी आहे. गोड मात्र खात नाही."

"अजून?" ती थबकली. "साहेब, बोटभर शिऱ्यानं पोर जात नाय. सुई चुकली की जाते." हातातली पिशवी तिने दुसऱ्या हातात घेतली. "मी तवा इचारलं नाय. आता बी इचारत नाय. पन त्या बाईला कोनी तरी सांगाया पायजे."

घरी आलो तेव्हा बायको ताटात तांदूळ निवडत होती. मी समोर बसलो आणि सांगितले. तिचा हात थांबला.

"सिरिंज उकळत होती," ती म्हणाली. "मी आवाज ऐकला होता."

"उकळली होती. भरली नव्हती."

"दोन्ही वेळा?"

"तिन्ही."

बराच वेळ तिने खडे बाजूला काढले. मग वर न पाहता विचारले, "ताई मला बोलल्या, तेव्हा तुम्ही तिथंच होतात ना?"

"होतो."

भीतीचे, त्या घामाचे, फिरलेल्या डोळ्यांचे सारे स्पष्टीकरण माझ्या ओठांवर आले होते. ते मी गिळले आणि म्हणालो, "तुझ्या हातून काही झालं नव्हतं. चूक माझी होती, आणि ती मी पाच वर्षं तुला भोगू दिली. मला क्षमा कर."