माझ्या मापाचा बत्ता

आमच्याकडे मेक्सिकोहून आणलेला एक दगडी खल आहे. काळा, तीन पायांचा, आतून खरखरीत. पाहुणे त्यावरून हात फिरवतात आणि हमखास विचारतात, "याचा बत्ता कुठाय?" पूर्वी मी सांगायचे, हरवला. खरं तर तो मीच टाकून दिला. आता मला त्या खोट्याचा कंटाळा आला आहे.

मी रागीट आहे. काही लोक आपण किती स्पष्टवक्ते आहोत हे सांगतात, तसं मी हे कौतुकाने सांगायचे. माहेरी आई पळी फेकायची, बाबा डोकं खाली घालून ती चुकवायचे आणि मग दोघंही हसायची. राग नाकावर असलेली बायको आणि गरीब गाय नवरा, यावर तर आपल्याकडचे निम्मे विनोद उभे आहेत. बर्मिंगहॅमला आलो ते माझ्या नोकरीवर. व्हिसा माझा, आणि नवऱ्याचा माझ्या व्हिसाला बांधलेला. मी त्याला सोडलं असतं तर त्याला हा देश सोडावा लागला असता. हे आम्ही कधी बोललो नाही, पण दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

लग्नाला सात वर्षं झाली म्हणून मेक्सिकोला गेलो. वाळूत लोळायचं नाही, काहीतरी करायचं असं ठरलं होतं. त्याला उंचावरून उड्या मारायच्या होत्या, मला हाताने काहीतरी घडवायचं होतं. म्हणून आधी तीन दिवस डोंगरातल्या एका गावात, एका पाथरवटाच्या अंगणात छिन्नी-हातोडा घेऊन बसलो. दगड आपल्या सह्याद्रीसारखाच काळा, फक्त छिद्रं जास्त. पाथरवट साठीचा होता. त्याला इंग्रजी येत नव्हतं, आम्हाला स्पॅनिश. माझा पहिला दगड चौथ्या घावात दुभंगला, दुसराही. त्याने माझ्या खांद्याकडे बोट दाखवलं, मान हलवली आणि स्वतःचं मनगट हलवून दाखवलं. तिसऱ्यांदा त्याने मला खल करायला दिलाच नाही. बत्ता कर म्हणाला, म्हणजे तशी खूण केली.

माझा नवरा मात्र तीन दिवस टकटक टकटक करत बसला आणि एकही तडा न जाता खल कोरून मोकळा झाला. "टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही," तो दगडावरची धूळ फुंकत म्हणाला, "या हिशेबाने मी केव्हाच देव व्हायला हवा होता." मी खो खो हसले. शेवटच्या दिवशी पाथरवटाने बत्ता माझ्या मुठीत धरायला लावला, जिथे बोटं टेकली तिथे कोळशाने खुणा केल्या आणि तेवढा दगड घासून दिला. नंतर तो हातात असा बसला की खाली ठेववेना.

मग नवऱ्याच्या उड्या. जमिनीत खोल खड्डा, तळाशी हिरवंगार पाणी आणि वर लाकडी फळी. मला पोहता येतं, पण बेताचंच. "तीन म्हटलं की दोघांनी," तो म्हणाला आणि माझा हात धरला. "एक, दोन," आणि दोनलाच त्याने मला घेऊन उडी मारली. पाण्यावर मी आडवी आदळले. दंड आणि मांडी भाजल्यासारखी झाली, नाकातोंडात पाणी गेलं. वर आले तेव्हा तो शेजारी हसत होता. मी त्याच्या नाकावर गुद्दा मारला. मग दुसरा, मग तिसरा. लाइफ जॅकेटमुळे त्याला बुडी मारून सुटताही येईना. पाण्यात रक्ताची तार सुटली. वर उभे असलेले प्रवासी टाळ्या वाजवून हसत होते, आणि गाइडने ते सगळं कॅमेऱ्यात घेतलं.

तो व्हिडिओ माझ्या नवऱ्यानेच आमच्या मित्रांच्या ग्रुपवर टाकला. का टाकला, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही.

परतल्यावरच्या रविवारी त्यातल्याच दोन जोडप्यांना दुपारी जेवायला बोलावलं. नव्या खलात मिरच्या आणि टोमॅटो वाटून चटणी केली होती. जेवण झाल्यावर कोणीतरी व्हिडिओ टीव्हीवर लावला. नाकावर गुद्दा बसला की सगळे हसायचे आणि पुन्हा मागे नेऊन लावायचे. "वहिनी, यू आर डेडली हां," एक जण म्हणाला. दुसरीने माझ्या नवऱ्याला विचारलं, "अरे, लागलं नाही का तुला?"

तो हसत म्हणाला, "चालतं गं, मला सवय आहे."

सगळे हसले. मी नाही हसले. पाहुणे गेल्यावर मी ओट्याशी खलबत्ता धुवत होते आणि तो डिशवॉशरमध्ये ताटल्या लावत होता.

"सवय म्हणजे काय रे?"

"काही नाही गं. गंमत."

"चारचौघांत माझी लाज काढलीस."

"मी काय खोटं बोललो का?" तो वाकलेलाच होता, आवाजही चढलेला नव्हता.

बत्ता माझ्या हातातच होता. मी तो त्याच्या डोक्यावर फेकून मारला. रागाच्या भरात नेम चुकतो म्हणतात, माझा चुकला नाही. कानाच्या वर तो आदळल्याचा आवाज आला आणि माझा नवरा डिशवॉशरच्या उघड्या दारावर गुडघे टेकून कोसळला. बशा फुटल्या. रक्त इतकं आलं की भांडी पुसायचा टॉवेल पिळावा लागला. मी रडत होते आणि तो, कपाळावरून रक्त ओघळत असताना, मला म्हणत होता, "घाबरू नकोस. शेल्फवरून पडला म्हणून सांगू."

टॅक्सीने ए अँड ईला, म्हणजे हॉस्पिटलच्या अपघात विभागात गेलो. त्याला टाके घालायला आत नेलं आणि मी बाहेर बसले. थोड्या वेळाने एक नर्स आली आणि मला बाजूच्या छोट्या खोलीत घेऊन गेली. माझ्या ब्लाउजवर रक्त होतं, बाह्या वर सरकवलेल्या होत्या. तिचं लक्ष माझ्या दंडांवरच्या हिरव्या-पिवळ्या वळांकडे होतं. पाण्यावर आदळल्याचे वळ. तिने दार लावलं, माझ्यासमोर बसली आणि हळू आवाजात विचारलं, घरी तुला सुरक्षित वाटतं का?

मला आधी प्रश्नच कळला नाही. मग तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, तू स्वतःला वाचवायला त्याला मारलं असशील तर तसं सांग. इथे तुला कोणी दोष देणार नाही.

खरं सांगते, मी लगेच नाही म्हटलं नाही. काही क्षण मी त्या वळांकडे बघत गप्प बसले. नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. मी बिचारी ठरले असते, आणि त्याच्यासाठी पोलीस आले असते. मग त्याचा व्हिसा, मग विमान. सात वर्षांत त्याने एकदाही माझ्यावर हात उचलला नव्हता. बत्ता फेकताना मी भानावर नव्हते असं म्हणता येईल, पण त्या खोलीत मी पूर्ण भानावर होते. तरीही गप्प होते. मला माझीच किळस आली.

"हा प्रश्न मला नको," मी म्हणाले. "त्याला विचारा. मारते मी."

तिचा हात माझ्या हातावरून निघाला. पहिल्यांदाच का, तिने विचारलं.

नाही, म्हटलं. आणि मग लाटणं, फोन, मोटरवेवर तो गाडी चालवत असताना त्याच्या कानाखाली मारलेली, गरम चहा, सगळं आठवेल तसं सांगत गेले. इंग्रजीत सांगताना त्यातलं काहीच विनोदी वाटत नव्हतं. ती लिहून घेत होती.

बाहेर आले तर तो डोक्याला पट्टी बांधून मला शोधत होता. "काय विचारलं तुला? मी शेल्फचंच सांगितलंय," तो कुजबुजला.

"मी खरं सांगितलं. सगळं."

मला वाटलं, नेहमीसारखा म्हणेल, कशाला गं उगाच.

"बरं केलंस," तो म्हणाला. औषधं मिळेपर्यंत थांबायचं होतं, म्हणून मी बसले. रोजच्यासारखा शेजारी बसायला तो माझ्याजवळ आला, थबकला, आणि मधली एक खुर्ची रिकामी ठेवून पलीकडच्या खुर्चीवर बसला.