आत्या बसली की गाडी किंचाळते

हसणार तुम्ही, माहीत आहे मला. म्हणून चहा आधी संपवा, मग सांगतो. उगाच ठसका लागायला नको. शास्त्र शिकवणाऱ्या माणसाने स्वतःची अक्कल कशी गहाण टाकली, त्याची ही गोष्ट.

पनवेलच्या हायस्कुलात मी तेव्हा शास्त्र शिकवत होतो. दोघांनी वापरून झालेली आणि मग दोन पावसाळे उघड्यावर काढलेली एक गाडी मी घेतली होती. गावात गाड्या मोजक्या, त्यात एक मास्तराची! चालवायला शिकलो, पण ती दिवसाउजेडीच. रात्री चालवायची माझी छाती नव्हती.

घरात मी आणि माझी विधवा आत्या. आई लवकर गेली, तेव्हापासून तिनेच मला वाढवलं. गाडी दारात आली त्या दिवशी तिने गाडीला ओवाळलं. मी हौसेने पुढचे दिवे लावून दाखवले, तर तिने दिव्यांना हात जोडले. मला ते इतकं आवडलं, की आत्याला कुठे न्यायचं असलं की मी आधी दिवे लावायचो, ती नमस्कार करायची आणि मग आम्ही निघायचो.

आणि निघालो की गाडी किंचाळायची. किंचाळायची म्हणजे कशी? पाटीवर पेन्सिल उभी धरून ओढून बघा. तसं, घरापासून बाजारापर्यंत अखंड!

मी एकटा असलो की गप्प. हेडमास्तर बसले, तरी गप्प. आत्या बसली की सुरू. आता तुम्हीच सांगा, शास्त्राचा माणूस हे सोडून देईल?

मी वही घातली. तारीख, हवा, रस्ता, कोण कुठे बसलं, आवाज झाला की नाही. शेजाऱ्यांना एकेक करून फिरवलं. हेडमास्तरांना तर दोनदा खाडीपर्यंत नेऊन आणलं. मला बढती हवी आहे असं त्यांना वाटलं आणि ते माझ्याशी जपून बोलू लागले. महिन्याभरात वही अर्धी भरली. किंकाळी फक्त आत्याच्या नावापुढे.

वजन! मी ताडलं. मागचं बूड दबलं की गाडीचं तोंड वर होत असणार आणि इंजिन कुरकुरत असणार. पण आत्याला वजन विचारणार कोण? भाताच्या गिरणीवाल्याला गाठलं. त्याने आत्याला डोळ्यांसमोर आणलं आणि म्हणाला, दोन मणाला दोन शेर कमी. तेवढं तांदळाचं पोतं भरून आत्याच्या जागेवर ठेवलं आणि गावाला तीन फेऱ्या मारल्या.

गाडी गप्प.

इथे कुठलाही शहाणा माणूस थांबला असता. मी काय केलं? वहीत लिहिलं, 'वजन नव्हे. दोष आत्यातच असावा.' आणि खाली लाल रेघ ओढली.

तोवर गावात बोभाटा झालाच होता. एकदा बाजारात आम्ही उतरलो, तर मिठागरावरचा एक ओळखीचा माणूस अगदी मायेने म्हणाला, "मास्तर, आत्या आल्या न? लांबूनच कललं आमाला."

आत्याने पदर सारखा केला आणि भाजी न घेताच परत फिरली.

पुढच्याच आठवड्यात पेणला माझ्या बहिणीच्या मुलाचं बारसं होतं. मी आत्याला म्हणालो, "यावेळी एस.टी.ने जातेस का? गाडीला तू मानवत नाहीस असं दिसतंय." काय बोललो ते बोलताना कळलंच नाही बघा. तिने पिशवी भरली आणि गेली.

बारसं झालं, आठ दिवस झाले, पंधरा झाले. मग निरोप आला, मी आता इथेच राहते, तुझी गाडी सुखात राहू दे. घर खायला उठलं. भात रोज करपायचा, आणि करपलेला भात खाताना मला लाज वाटायची, खरंच सांगतो.

शेवटी मी बिन्यामिनमामांकडे गेलो. मुंबई-पुणे रस्त्यावर त्यांचं गॅरेज. बेने इस्राएली, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू, शनिवार पाळणारे; त्या दिवशी पान्याला हात लावायचे नाहीत, म्हणून मी रविवारी दार उघडायच्या आधीच हजर. मामांनी चष्मा लावून अख्खी वही वाचली.

"मास्तर, यात सगळं गाव आहे," ते म्हणाले, "पण गाडी चालवणारा कुठे आहे? तुम्ही काय करता ते एकदाही लिहिलेलं नाही."

मग ते मागे जाऊन आत्याच्या जागी बसले. म्हणाले, मी तुमची आत्या. रोज करता तसं सगळं करा, काही गाळू नका. मी इंजिन सुरू केलं. दिवे लावले. मामांनी हात जोडले, आणि गाडी जी किंचाळली!

मामांनी मला दिवे बंद करायला सांगितलं. गाडी गप्प. लावायला सांगितलं. किंकाळी. मी दिवे लावायचो, पण नमस्कार झाल्यावर बंद करायला विसरायचो, आणि लख्ख उन्हात ते कळायचंही नाही; गाडी उभी करताना सवयीने सगळी बटणं बंद करायचो, तेव्हाच ते विझायचे.

मामांनी बॉनेट उघडलं. इंजिन एका रबरी पट्ट्याने वीज तयार करणारा डायनामो फिरवतं. दिवे लागले की डायनामोला जोर पडतो. पट्टा सैल असला की तो घसरतो आणि ओरडतो. त्यांनी नट ढिला केला, डायनामो पहारीने जरा बाहेर रेटला, पट्टा ताणला, नट आवळला, अंगठ्याने पट्टा दाबून पाहिला. झालं. माझा महिना गेला होता, त्यांची पाच मिनिटं.

तसाच पेणला गेलो. आत्या ओटीवर वाल सोलत बसली होती. मी पायाशी बसलो आणि दिव्यांपासून पोत्यापर्यंत सगळं कबूल केलं. ती ऐकत होती, हात चालू होते.

"पोतं ठेवलंस तेव्हा ओरडली नाही?"

"नाही."

"मग पोत्यापुढे दिवे लावले होतेस?"

"नाही गं."

"अस्सं." तिने दोन-चार वाल सोलले. "बाळ्या, तू शाळेत शास्त्रच शिकवतोस ना अजून?"

"हो."

"आणि पोरं पास होतात?"

"होतात की."

आत्या ताट बाजूला सारून उठली. "गुणी आहेत हो पोरं," म्हणाली, आणि पिशवी भरायला आत गेली.