जावयावर कागद

सत्तर-एकाहत्तरच्या सुमारास मी नागापूरला मळणीयंत्रांच्या एका कारखान्यात कारकून होतो. यंत्रामुळे कुणाला इजा झाली तर भरपाई विमा कंपनीने द्यावी, अशी पॉलिसी मालकांनी घेतली होती. तिची अट मोठी विचित्र. अपघात मुदतीत होऊन भागत नसे. भरपाईची मागणीही लेखी आणि मुदतीतच यावी लागे. मुदत मार्चअखेर संपणार होती आणि मालक ती पुढे चालवणार नव्हते. वर्षभर काही घडलं नाही, म्हणजे हप्ता पाण्यात गेला, असं त्यांचं म्हणणं!

मार्चातच पारनेरकडच्या एका गावातून निरोप आला. आमच्या यंत्राच्या तोंडावरची जाळी निखळली आणि ज्वारी घालताना एका तरुण शेतकऱ्याचा उजवा हात आत गेला. ते गाव नेमकं मालकांची सासुरवाडी.

मालकांनी मलाच पाठवलं. हाताला भलंमोठं बँडेज बांधून तो ओसरीवर बसला होता. मी म्हणालो, "मागणीचा अर्ज द्या. भरपाई कंपनी देईल, मालकांना तोशीस नाही." त्याच्या वडिलांनी हात जोडले. "भाऊसायेब, गावच्या जावयावर कागद करायचा व्हय? लई वंगाळ दिसंल. हुईल हात बरा."

दोनदा गेलो, दोनदा चहा पिऊन परतलो. खरं सांगतो, मला त्यांचा संताप आला होता. दैव देतं नि कर्म नेतं, असं पुटपुटत मी एसटीत बसलो. एप्रिल उजाडला.

जूनमध्ये तो स्वतः कारखान्यात आला. मनगटाखाली हात उरला नव्हता. "औत धरता येईना," म्हणाला, आणि डाव्या हाताने खिशातून अर्ज काढला. त्याला घेऊन मी तडक विमा कचेरी गाठली. त्याला बाहेर बाकावर बसवलं आणि आत जाऊन साहेबांशी भांडलो. अपघात मार्चमधला, आम्हाला कळलाही मार्चमध्येच. यानेच कागद दिला नाही, त्याला मी काय करणार?

साहेबांनी पॉलिसीतल्या एका कलमावर बोट ठेवलं. "कळलं होतं ना? मग तुम्हीच दोन ओळी लिहून कळवायचं. अपघात झालाय, मागणी येऊ शकते, एवढंच. मग आजचा अर्जही आम्ही धरला असता."

ती पॉलिसी वर्षभर माझ्याच टेबलाच्या खणात होती. मी ती पुरती वाचलीच नव्हती.

बाहेर आलो. माझ्या तोंडाकडे पाहून तो काय ते समजला. "आमीच कागद करायला उशीर केला, न्हाई का भाऊसायेब?" त्याने विचारलं.

मी "हो" म्हणालो.