खराब रगत

आज प्रयोगशाळेत एका विद्यार्थिनीने रक्ताच्या काचपट्ट्या रंगवायच्या जांभळ्या द्रावाची बाटली उघडली आणि त्या उग्र वासासरशी मी घाटंजीच्या जनावरांच्या दवाखान्यात जाऊन उभा राहिलो.

तेव्हा मी कुत्र्यांच्या रक्ताच्या कर्करोगावर प्रबंध लिहीत होतो. तांड्यावरची शेवंताबाई बाजाराच्या दिवशी तिच्या कुत्र्याला, भुऱ्याला, घेऊन यायची. त्याच्या गळ्याखाली लिंबाएवढ्या गाठी होत्या. ती त्याचं डोकं मांडीवर धरायची आणि मी त्याच्या पायातून सिरिंजभर रक्त काढायचो. या रोगावरचं औषध आमच्याकडे नव्हतंच. ते मी तिला कधी सांगितलं नाही.

शेवटच्या खेपेला तिने भुऱ्याला खांद्यावर घालून आणलं. भरलेल्या सिरिंजकडे पाहत ती म्हणाली, "साहेब, खराब रगत आता किती राह्यलं?"

त्यांच्यात गाठ आली की तुंबडी लावून खराब रक्त काढत. मीही तेच करतोय, असं ती इतके दिवस समजत होती. मला आणखी एक नमुना हवा होता.

"थोडंच राहिलंय, मावशी. पुढच्या बाजारी आणा."

पुढच्या बाजारी ती एकटीच आली. भुऱ्या गेला होता.

"कापूस वेचणीपायी मांगं एक बाजार हुकला माह्याकून," ती म्हणाली. "म्हणून ते रगत त्याच्या अंगातच राह्यलं. तुमची काही चूक नाही, साहेब."

मी टेबलावरच्या जांभळ्या द्रावाच्या बाटलीचं झाकण लावत राहिलो.