अर्ध्या चिंचेचा सौदा

पालिकेच्या झोन कार्यालयातल्या बाबूने मला फसवलं, आणि मी बगळ्यांना.

माझ्या घरासमोर तलावाच्या काठावर एक जुनी चिंच होती. पावसाळ्यात तिच्यावर बगळ्यांची घरटी असायची. फांद्या तोडायला पालिकेची माणसं येणार हे कळल्यावर मी तक्रार घेऊन गेले. पिल्लं उडेपर्यंत झाडाला हात लावू नका, एवढंच मागणं होतं.

बाबू हसला. "काहून तापून राहिल्या, काकू? घाणीचा वास येते म्हणून तुमच्या शेजाऱ्यांचाबी अर्ज आहे. थोडं तुम्ही सोडा, थोडं आम्ही सोडतो."

इतवारी बाजारात हातगाडीवर भांडी विकता विकता मी दुकानापर्यंत पोहोचले, ती घासाघीस करूनच. समोरचा अर्ध्यावर आला की सौदा पक्का करायचा, ही माझी सवय. रस्त्याकडच्या फांद्या तोडा, तलावाकडच्या ठेवा, असं लिहून मी सही दिली आणि जिंकल्यासारखी घरी आले.

दोन दिवसांनी दुकानातून परतले तेव्हा चिंचेचा फक्त बुंधा उरला होता. खाली चिखलात पिल्लं पडली होती. काही अजून चोच उघडत होती.

दुसऱ्या दिवशी मी कार्यालय डोक्यावर घेतलं. बाबूने शांतपणे माझाच कागद पुढे केला. त्यावर शेरा होता: तक्रारदाराची संमती, तक्रार निकाली.

बगळ्यांच्या वतीने अर्ध्यावर सौदा करायचा मला हक्क नव्हता. ते माझं मी भोगते आहे. पण तलावाकडच्या फांद्या तोडायला कोणी सांगितलं? ज्याने तो शेरा लिहिला, त्याने त्या बुंध्यापाशी येऊन मला उत्तर द्यावं.