लेप नसलेली बाटली

माझे गाईड सर मराठीत बोलायला लागले की मला धडकीच भरायची. दिल्लीतल्या त्या प्रयोगशाळेत आम्ही दोघंच मराठी. चारचौघांत त्यांचं सगळं हिंदी-इंग्रजी. "अगं, तू आपली मुलगी ना" आलं की समजायचं, काहीतरी गळ्यात पडणार.

पीएचडीसाठी मी चुंबकी नॅनोकण बनवत होते. कण बनवणं सोपं हो. लोहाच्या क्षारांत अमोनिया ओतला की काळाकुट्ट गाळ तयार. खरी मारामारी वरच्या पॉलिमरच्या लेपाची. तो नीट बसला तर कण पाण्यात सुटे राहतात, आणि लेपाला पुढे औषध चिकटवता येतं. नाही बसला तर नुसत्या गुठळ्या. द्वारकेहून रोज मेट्रोने यायचं, गुठळ्या बघायच्या, परत जायचं. शेवटी एकदाचा जमला.

तोवर फेलोशिप संपत आली होती. फेलोशिपच्या समितीने मुदत वाढवली नाही तर पीएचडी अर्धवट टाकून नागपूरला घरी.

समिती यायची त्या सकाळी सरांनी माझ्या बाटलीला चुंबक लावला. सुटे कण सावकाशच सरकतात, तसे सरकू लागले. सर वैतागले. "अगं, हे काय दाखवायचं लोकांना? बिनलेपाचे ठेव, ते बघ कसे झटकन उडी मारतात. तू आपली मुलगी ना?"

"सर, ते खोटं होईल."

"मुदतवाढ हवीये ना?"

तळपायाची आग मस्तकात गेली. माझी बाटली मी एप्रनच्या खिशात घातली. बिनलेपाची त्यांनी स्वतःच्या हाताने टेबलावर मांडली.

चुंबक लावताच काळं सगळं काचेला जाऊन चिकटलं. वाहवा झाली. मग समितीतल्या एक वयस्कर बाई म्हणाल्या, "अच्छा, अब मॅग्नेट हटाकर हिलाइए." सरांनी बाटली हलवली. पुन्हा हलवली. काळा गोळा आपला पाण्यात गरगर फिरतोय!

सर माझ्याकडे बोट दाखवून मोकळे. "कोटिंग इसने की है, मॅडम. मैंने तो भरोसा कर लिया."

चोर तो चोर, वर शिरजोर! मी हिंदीतच बोलले, सगळ्यांना कळावं म्हणून. "मॅडम, वो सर की बोतल है. उस पर कोटिंग है ही नहीं. मेरी ये रही." खिशातली बाटली काढून चुंबक धरला. कण सावकाश एका बाजूला जमले. चुंबक काढून हलवली, आणि पाणी पुन्हा कोऱ्या चहासारखं एकसारखं झालं.

मुदतवाढ मिळाली. त्यानंतर सर माझ्याशी मराठीत एक शब्दही बोलले नाहीत. सुटले मी!